करकोच्याची कॉफी

विदोये द्रेनिच डायरेक्टर झाला त्याच सकाळी त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. बास्केटबॉल क्लबची कचेरी प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, तिचं दार ठेंगणं, आणि विदोये... आता विदोयेबद्दल काय सांगायचं! सारं येलोवाक त्याला करकोचा म्हणायचं. मोरावा नदीच्या काठावरच्या या सर्बियन गावात खरे करकोचेही होते, धुराड्यांवर घरटी करून राहायचे. पण 'करकोचा आला' असं कुणी म्हटलं की लोक वर धुराड्याकडे बघायचे नाहीत, रस्त्याकडे बघायचे.

गंमत म्हणजे क्लबचे अध्यक्ष ब्लागोये यांचा धंदाच मुळी दारं-खिडक्यांचा. निम्म्या जिल्ह्याची दारं त्यांच्या कारखान्यातली. पण आपल्याच क्लबचं दार वीतभर उंच करावं असं त्यांना कधी सुचलं नव्हतं. "आधीचा डायरेक्टर कधी आपटला नाही बुवा," असं ते टेंगळाकडे बघत म्हणाले. आधीचा डायरेक्टर त्यांच्या खांद्याला लागायचा.

विदोये मिसरूड फुटायच्या वयात गावाबाहेर पडला तो केस पिकायला लागल्यावर परतला. मधल्या काळात तो ग्रीसमध्ये खेळला, स्पेनमध्ये खेळला, तुर्कस्तानात खेळला, आणि शेवटी पोलंडमध्ये गुडघाच म्हणाला की बाबा रे, आता पुरे. 'गुडघा दुखतोय' हे त्याला पाच भाषांत सांगता यायचं. बास्केटखाली उभा राहिला की भिंत! त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकायला भलेभले घाबरायचे. पण फ्री थ्रो? देवा रे देवा. समोर कुणी नाही, अडवायला कुणी नाही, सगळे हात बांधून उभे, फक्त चेंडू आत टाकायचा. आणि तेवढंच त्याला जमायचं नाही. एकदा चषकाच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणी, त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला कडीला लागला. दुसरा कशालाच लागला नाही.

हे होऊन पंधरा वर्षं लोटली. जग पुढे गेलं. येलोवाक नाही गेलं. बेकरीवाली रुझा अजून रोज सकाळी विचारायची, "दोन ब्युरेक ना रे विदोये? पिशवीत टाकते हं. मला जमतं."

आणि रांगेतले सगळे खिदळायचे. विदोये पण हसायचा. उंच माणसाला टोमणे लवकर लागत नाहीत, वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, असं त्याची आई कोसारा म्हणायची.

तर, कॉफीची गोष्ट अशी. विदोयेला त्याच्या आयुष्यात जितक्या क्लबांनी काढलं, जवळजवळ तितक्यांनी आधी कॉफी पाजली. ग्रीसमध्ये डायरेक्टरने मोठ्या प्रेमाने बोलावलं, बर्फ घातलेली कॉफी पुढे केली, आणि ग्लासातला बर्फ वितळेपर्यंत विदोये बेकार झाला होता. स्पेनमध्ये तर एका बैठकीत दोन कॉफ्या झाल्या, कारण त्याच्या अजून एका मित्रालाही त्याच दिवशी काढलं. तुर्कस्तानात डायरेक्टरने चहा मागवला. विदोयेला वाटलं, सुटलो! चहाच आहे! आरामात बसला, दुसरा पेला पण घेतला. तोही निरोपाचाच निघाला. आणि पोलंडमध्ये? पोलंडमध्ये कुणी बोलावलंच नाही. फोनवर एक संदेश आला, चार ओळींचा, खाली सहीसुद्धा नाही. हॉटेलच्या खोलीत, बूट पायात असतानाच त्याने तो वाचला. सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

म्हणून डायरेक्टर झाल्यावर त्याने मनाशी पक्कं केलं: मी कुणाला काढलंच, तर माणसासारखं काढेन. समोर बसवून. स्वतःच्या हाताने कॉफी करून. त्याने घरून एक छोटी विजेची शेगडी आणली, आईची जुनी लांब दांड्याची जेझ्वा आणली कॉफी उकळायला, फुलाफुलांचे इवलेसे कप आणले आणि सगळं कचेरीतल्या खिडकीत मांडून ठेवलं.

झालं! बातमी फुटली. त्या दिवसापासून संघातल्या एकजात सगळ्या पोरांची पोटं बिघडली.

"कॉफी घेणार?" विदोये विचारायचा.

"नको, जळजळतंय."

"अर्धा कप?"

"डॉक्टरने बंद केलीये, डायरेक्टर."

"अरे पण तू परवा समोरच्या कॅफेत बसून..."

"परवाच बंद केली!"

ज्या गावात दात काढायला गेलेला माणूससुद्धा आधी डॉक्टरबरोबर कॉफी पितो, त्या गावात एका डायरेक्टरची कॉफी प्यायला कुणी मिळेना. कोच दाराबाहेर उभा राहून बोलायचा. पाणी भरायला येणारी बाई बादली ठेवून पळायची. एकच माणूस रोज आत यायचा, पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, "काय कुमा, ठेव आधण."

तो मोमिर पांतिच. विदोयेचा कुम. विदोयेच्या लग्नात साक्षीदार तो, विदोयेच्या पोरीचा धर्मपिता तो, आणि मोमिरच्या लग्नात हाच वाकून वाकून चर्चमध्ये शिरलेला. भाऊ काय, आईबाप देतात तसा घ्यावा लागतो. कुम आपण स्वतः निवडलेला असतो, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. कुमाशी भांडलेल्या माणसाकडे येलोवाकमध्ये लोक चर्चला आग लावलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर दोघं एकत्र वाढले. मोमिर बुटका, विदोये लांबडा. "तू फक्त हात वर ठेव," मोमिर म्हणायचा, "कुठे, कधी, कसं, ते माझ्यावर सोड." आणि विदोयेने हात वर ठेवले. चेंडू यायचा. बरोब्बर यायचा, जणू हातांना पत्ता लिहून पाठवलेला. बेलग्रेडहून बघायला आलेल्या लोकांना लांबडा दिसला, ते त्याला घेऊन गेले. पास देणारा कुणाला दिसला नाही. तो गावात राहिला, इथल्याच क्लबकडून खेळला, आणि अजून खेळत होता. चाळिशीत! गुडघ्याला पट्टा, कंबरेला पट्टा, डोक्यावर केस नाहीत म्हणून तिथेही पट्टा.

आणि मार्च महिन्यात ब्लागोये कचेरीत आले, कॉफी नको म्हणाले (हो, तेसुद्धा!), आणि उभ्याउभ्याच बोलले.

"विदोये, संघात चेंडू चालवणारे दोघं. एक तुझा कुम, एक तो वुकान. पोरगा अठराचा आहे, पाय आहेत की स्प्रिंगा! बेलग्रेडवाले मे महिन्यात, जुर्जेवदानच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बापाला भेटायला येतायत. बाप म्हणतो, पुढच्या मोसमात पहिल्या पाचात घेणार असाल तर पोरगा इथेच राहील. नाहीतर गेला. आता तूच सांग, पहिल्या पाचात कोण आहे?"

"मोमिर," विदोये पुटपुटला.

"मग बोल त्याच्याशी. तुला जमत नसेल तर मी बोलतो. मला काय, मी रोज एका बाजूने दार उघडतो, एका बाजूने बंद करतो."

"नाही," विदोये घाईघाईने म्हणाला. "मी बोलतो. माझा कुम आहे."

"जुर्जेवदानपर्यंत," ब्लागोये म्हणाले. आणि जाता जाता दाराच्या चौकटीवर थाप मारून म्हणाले, "मजबूत आहे हं."

दुसऱ्या दिवशी मोमिर आला. त्याच्या डोक्यात आणि चौकटीत चांगलं हातभर अंतर राहायचं. "हे दार कुणीतरी माणसांसाठी केलंय," तो रोजच्यासारखा म्हणाला आणि बसला.

विदोयेने कॉफी केली. आता येलोवाकमध्ये कुणालाही विचारा, पाहुण्याला कॉफी तीन वेळा देतात. पहिली 'या, बसा'ची. दुसरी 'बोला, काय म्हणता'ची. आणि तिसरी 'बरंय, निघा आता'ची. तिसरी कॉफी समोर आली की शहाणा माणूस टोपी शोधायला लागतो. यजमानाला तोंडाने काही बोलावं लागत नाही, कॉफीच बोलते. विदोयेचा बेत साधा होता: पहिली द्यायची, दुसरीवर विषय काढायचा, तिसरी पुढे ठेवायची. मोमिर शहाणा आहे, समजून जाईल.

पहिली झाली.

"मोमिर, जरा बोलायचं होतं."

"बोल की! पण आधी ऐक, माझ्या आलुबुखाऱ्यांना यंदा काय मोहोर आलाय! सासरे म्हणतात गोठवणारं दव पडेल, जळेल सगळा. मी म्हटलं, सासरेबुवा, तुम्ही बघत राहिलात तर नक्की जळेल."

दुसरी झाली. आलुबुखाऱ्यांवरून गाडी सासऱ्यांच्या ट्रॅक्टरवर गेली, ट्रॅक्टरवरून शेजाऱ्याच्या डुकरावर, डुकरावरून कोचवर. विदोयेचा हात तिसऱ्यांदा जेझ्वाकडे गेला. मोमिरने बोलता बोलता त्या हाताकडे बघितलं. फक्त बघितलं. हात जेझ्वाच्या शेजारच्या कागदावर उतरला आणि उगाचच तो कागद सरळ करायला लागला.

"छान कॉफी," मोमिर उठत म्हणाला. "उद्या येतो."

आणि तो खरंच आला. परवाही आला. रोज दोन कॉफ्या, रोज एक नवा विषय, आणि रोज विदोयेचा हात तिसऱ्या कॉफीपर्यंत जाऊन माघारी. समोर कुणी नाही, अडवायला कुणी नाही, आणि चेंडू काही हातातून सुटत नाही! त्याची झोप उडाली. अर्धी काळजीने, अर्धी कॉफीने.

एप्रिलमध्ये बाहेरगावचा एक सामना होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये मोमिरच्या हातून चेंडू निसटला. तो मागे वळून धावला, अगदी जीव तोडून धावला, आणि ज्या पोराने चेंडू नेला होता तो तोवर बास्केट करून परत येताना त्याला वाटेत भेटला. प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं, "आजोबांना खुर्ची द्या!" बेंचमागे बसलेल्या विदोयेला वाटलं, उठून त्या माणसाला बास्केटमध्ये टाकावा. मग वुकान आला आणि एखादं वासरू दावं तोडून सुटावं तसा मैदानभर उधळला. सामना जिंकला. मोमिर बेंचवर बसून टाळ्या वाजवत होता. मनापासून वाजवत होता, हेच विदोयेला बघवेना.

परतताना दोघं विदोयेच्या गाडीत. विदोयेचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आलेले.

"कुमा," विदोयेने घसा खाकरला, "वय कुणाला सुटलंय..."

"अगदी खरं! मी तुला बोलणारच होतो. तुझे डोळे गेलेत. आत्ता वळण चुकलं तुझं."

"ते नाही रे..."

"हेच ते. चष्मा लाव. लाजायचं काय त्यात? वर वर हवा विरळ असते, डोळ्यांवर परिणाम होतो."

वळण खरंच चुकलं होतं. दोघं मेंढ्यांच्या एका गोठ्यापाशी पोचले होते.

घरी तर वेगळाच तमाशा. विदोयेची मुलगी तियाना पंधराची, जिभेला हाड नाही, आणि आजी कोसारा तिची गुरू. एके संध्याकाळी विदोये आरशासमोर उभा राहून पुटपुटताना तियानाने पकडला.

"बाबा, आरसा तुमच्या गळ्यापर्यंतच येतो. डोकं कुणाशी बोलतंय?"

"जा गं."

"मी मोमिरकाका होते. चला, सराव करा." तिने आजीची शाल कपाळाला पट्ट्यासारखी गुंडाळली आणि खुर्चीत पाय पसरून बसली. "काय कुमा, ठेव आधण!"

विदोये नाइलाजाने तिच्यासमोर बसला. "मोमिर. क्लबच्या पुढच्या वाटचालीचा साकल्याने विचार करता, आणि तरुण खेळाडूंना संधी देण्याच्या दृष्टीने..."

तियाना घोरायला लागली.

"अगं!"

"मी काय करू? मोमिरकाकांना झोप लागली. बाबा, तुम्ही त्यांना काढताय की नगरपालिकेत भाषण देताय?"

स्वयंपाकघरातून कोसारा म्हणाली, "विदोये, ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला ताकही मिळत नाही आणि भांडंही गळतं."

"आई, तो माझा कुम आहे!"

"म्हणून तर. परक्याला खिडकीवाला पण सांगेल."

"आणि त्याने माझ्याशी बोलणं टाकलं तर?" विदोयेचा आवाज एकदम बारीक झाला. एवढ्या मोठ्या देहातून एवढासा आवाज आलेला ऐकून तियानाने शाल काढून ठेवली. चेष्टा बंद झाली. निदान जेवणापर्यंत तरी.

जुर्जेवदान उजाडला. द्रेनिचांच्या घरचा कुलदैवताचा दिवस, स्लावा. या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो. बोलावणं धाडणं म्हणजे 'तुम्हाला आठवण करून द्यावी लागते का?' असा अपमान. कोसाराने कोकरू भाजलं, साखर आणि अक्रोड घालून गव्हाची गोड उसळ केली, जाड मेणबत्ती पेटवली. पाद्री आले, सणाचा गोल पाव कापून गेले. मग पाहुण्यांची रीघ. ब्लागोये आले, सपत्नीक, आणि आल्या आल्या घराच्या दारांकडे बघून म्हणाले, "ही आमची नाहीत." रुझा आली. कोच आला. आणि दुपारी, हातात स्वतःच्या आलुबुखाऱ्यांच्या दारूची, राकियाची बाटली घेऊन, डोक्यावर पट्ट्याऐवजी चक्क टोपी घालून, मोमिर आला.

"कुमा, सण सुखाचा जावो!" त्याने विदोयेचे तीन मुके घेतले, म्हणजे विदोये वाकला आणि याने टाचा उंचावल्या.

सगळे जेवायला बसले. कोकरू संपत आलं. खोलीत गप्पा चालू होत्या, पण कशा? प्रत्येकाचा एक डोळा ताटात आणि एक डोळा विदोयेवर. कारण गावाला सगळं माहीत होतं. बेलग्रेडवाले उद्या येणार हे रुझालाही माहीत होतं; कदाचित बेलग्रेडवाल्यांच्याही आधी माहीत होतं. 'गावाला माहीत नाही' असं समजणारा येलोवाकमध्ये एकच माणूस उरला होता, आणि तो, म्हणजे विदोयेच, टेबलाच्या टोकाला बसून तिसऱ्यांदा सॅलड वाढून घेत होता.

कोसाराने पहिली कॉफी आणली. मग दुसरी. ब्लागोयेंनी घड्याळाकडे बघितलं. मग विदोयेकडे बघितलं. मग घसा साफ केला आणि म्हणाले, "हं तर मोमिर, मी काय म्हणतो..."

विदोयेचा काटा ताटात पडला.

"एक मिनिट, ब्लागोये," मोमिर उठत म्हणाला. "कोसाराकाकू, तुमच्या स्वयंपाकघरात जरा जाऊ का? तिसरी मी करतो."

खोलीत टाचणी पडली असती तर रुझाने ती उचलून कुणाची ते सांगितलं असतं, इतकी शांतता. पाहुण्याने तिसरी कॉफी करायची? यजमानाच्या घरात? कोसाराने एकदा मोमिरकडे बघितलं आणि म्हणाली, "साखर वरच्या फळीवर आहे. विदोये, त्याचा हात पुरणार नाही. जा, काढून दे."

स्वयंपाकघरात दोघंच. विदोयेने साखर काढून दिली. मोमिरने पाणी ठेवलं, कॉफी घातली, फेस वर येईपर्यंत जेझ्वावर नजर ठेवून उभा राहिला. मग दोनच कप भरले. एक विदोयेसमोर ठेवला.

"तुझ्या घरातून तुला घालवता येत नाही," मोमिर म्हणाला, "पण ही तिसरी आहे. मार्चपासून मी वाट बघतोय की तू ती ओतशील, आणि तुझा हात कागद सरळ करतोय. पी. आणि बोल."

"तुला... माहीत होतं?"

"अरे करकोच्या, तुझी कॉफी पिणारा मी एकटाच उरलोय म्हटल्यावर मला कळणार नाही?"

"मग रोज आलुबुखारे कशाला काढत होतास?"

मोमिर कपाकडे बघत म्हणाला, "आधी भीती वाटायची की तू बोलशील. मग भीती वाटायला लागली की तू बोलणारच नाहीस, आणि तो खिडक्यांवाला बोलेल. लोकांसमोर. आत्ता बोललाच असता." त्याने मान वर केली. "माझे पास तू घेतलेस की नाही? मग हे पण तुझ्या तोंडून घेईन. पण भाषण नको. एका वाक्यात."

विदोयेने कप उचलला. त्याच्या हातात तो कप अंगठीसारखा दिसत होता. कॉफी जळजळीत होती. त्याने एका घोटात संपवली, डोळ्यांत पाणी आलं, ते कॉफीमुळे आलं असं म्हणायला चांगली सोय झाली.

"पुढच्या मोसमात तू संघात नाहीस, मोमिर."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी उगाचच मोठ्याने सॅलडची स्तुती केली.

"हं," मोमिर म्हणाला. त्याने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. त्याचा चेहरा त्या एप्रिलच्या सामन्यात बेंचवर टाळ्या वाजवताना होता त्याहून म्हातारा दिसत होता. "बरं वाटलं नाही. वाटलं होतं की वाटेल."

"ऐक ना, लहान पोरांना शिकवायला आम्हाला..."

"गप!" मोमिरने बोट वर केलं, ते विदोयेच्या छातीशी आलं. "लगेच मध लावू नकोस. माझी चोवीस वर्षं आहेत ती, खरचटलेला गुडघा नाही. आता मी रागावणार आहे. चांगला, रीतसर, आणि किती दिवस ते माझं मी ठरवेन. तू फोन करायचा नाहीस. आईच्या हाती केक पाठवायचा नाहीस. तियानाला तर मुळीच पाठवायचं नाहीस, ती मला हसवेल."

"बरं."

"आणि त्या वुकानला सांग, पास देताना डावीकडे बघायची ती खोड मोड म्हणावं. सगळ्यांना कळतं." एवढं बोलून मोमिर बाहेर गेला, कोसाराच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, ब्लागोयेंना म्हणाला, "तुमचं वाक्य राहिलं वाटतं. राहू द्या," आणि निघून गेला. राकियाची बाटली मात्र ठेवून गेला. रागावला तरी कुम होता.

बेलग्रेडवाले आले आणि हात हलवत परत गेले. वुकानने करारावर सही केली. गाव खूश, ब्लागोये खूश. विदोये कचेरीत बसून खिडकीतून समोरच्या कॅफेकडे बघत राहिला, कारण मोमिरने राग धरायला तीच जागा निवडली होती. रोज सकाळी तो यायचा, कॅफेबाहेरच्या टेबलाशी खुर्ची ओढायचा, ती क्लबच्या इमारतीकडे बरोब्बर पाठ करून ठेवायचा आणि बसायचा. इतकी बरोब्बर पाठ, की त्यासाठी त्याला आधी नीट वळून बघावं लागायचं.

सारं गाव त्या खुर्चीकडे हवामान बघावं तसं बघायला लागलं. "आज कशी आहे?" रुझा बेकरीतून ओरडायची. "पाठच!" "अजून?" वुकान सरावाला जाताना खुर्चीसमोर थबकायचा, मोमिर त्याला हातवारे करून काहीतरी समजवायचा, मग भानावर येऊन हाकलून द्यायचा. तियाना शाळेतून येताना खुर्चीभोवती मोठा वळसा घालून जायची, जाताना मुद्दाम लंगडायची आणि "आजोबांना खुर्ची द्या!" म्हणायची. मोमिरचे खांदे हलायचे. पण तो वळायचा नाही. विदोयेने फोन केला नाही, केक पाठवला नाही. हात वर ठेवून उभं राहायचं, चेंडू येईल तेव्हा येईल, हे त्याला लहानपणापासून येत होतं.

मग एके सकाळी, आलुबुखाऱ्याची झाडं हिरव्या फळांनी लगडली होती तेव्हाची गोष्ट, विदोयेने खिडकीतून बघितलं आणि तो काचेला नाक लावून उभा राहिला. खुर्ची तिरपी होती. पाठ नव्हती. तोंडही नव्हतं. पण कान दिसत होता. एक अख्खा कान!

त्याने शेगडी लावली. पाणी, साखर, कॉफी, फेस. दोन कप तबकात ठेवले, तबक दोन्ही हातांत धरलं, आणि दाराकडे निघाला. सगळं लक्ष कपांवर. ठाण्णकन आवाज आला.

रस्त्यावरच्या दोन मोटारी थांबल्या. रुझा बेकरीच्या पायरीवर आली, हातात पीठ तसंच. विदोये कपाळावर नवं टेंगूळ घेऊन, तबकावर नजर खिळवून, पाण्यात चालणाऱ्या करकोच्यासारखा एकेक पाऊल उचलत रस्ता ओलांडत होता.

मोमिरने मान वळवली नाही.

"कपाळ?" त्याने विचारलं.

"हो."

"सांडली?"

विदोयेने खाली बघितलं. "नाही."

"थेंबभर पण?"

"थेंबभर पण नाही."

"बघितलंस का रुझा!" मोमिर बेकरीच्या दिशेने ओरडला. "दोन्ही आत!" मग पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. "कितवी आहे ही?"

"पहिली," विदोये म्हणाला.

"मग बस की. आणि त्या लहान पोरांबद्दल काय म्हणत होतास ते दुसरीवर सांग. मी अजून थोडा रागात आहे."